डी अँड डी पाचवी आवृत्ती : रेंजरचं नेमकं कुठे बिनसलं?

पाऊलखूण

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि गोष्ट रचत खेळायचा खेळ. त्यात प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राचा पेशा, म्हणजे क्लास, निवडतो; रेंजर हा रानात वावरणाऱ्या शिकारी योद्ध्याचा क्लास. "रेंजर कमकुवत आहे" हे वाक्य डी अँड डी खेळणाऱ्या जवळपास प्रत्येक गटात कधी ना कधी ऐकू येतं. मला ते निदान चुकीचं वाटतं. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमधला (पाचव्या आवृत्तीचं मूळ नियमपुस्तक) रेंजर आकड्यांत फारसा मागे नाही. धनुष्य घेतलेला हंटर (रेंजरचा एक उपक्लास, म्हणजे उपप्रकार) वीसपैकी पहिल्या दहा लेव्हलपर्यंत फायटर या लढवय्या क्लासच्या बरोबरीने डॅमेज, म्हणजे शत्रूची हानी, करतो. तरीही हा क्लास घेतलेला खेळाडू पाच-सहा सेशननंतर हिरमुसतो, आणि हे मी वेगवेगळ्या टेबलांवर पाहिलंय. माझ्या मते कारण असं आहे : रेंजरला दिलेल्या खास गोष्टी, ज्या प्रसंगात तो चमकायला हवा, नेमका तोच प्रसंग खेळातून पुसून टाकतात.

पहिल्या लेव्हलला मिळणारं नॅचरल एक्सप्लोरर हे कौशल्य घ्या. आठ प्रदेशांतून एक निवडायचा : बर्फाळ, किनारा, वाळवंट, अरण्य, गवताळ, डोंगर, दलदल किंवा अंडरडार्क, म्हणजे जमिनीखालचं गुहांचं जग. त्या प्रदेशात तासभर किंवा त्याहून मोठा प्रवास असेल तर खडबडीत जमिनीमुळे पार्टीचा (सोबतच्या पात्रांच्या टोळीचा) वेग कमी होत नाही, जादूखेरीज वाट चुकत नाही, अन्न दुप्पट मिळतं. वाचायला छान आहे. आता २०१७ चं 'टूम ऑफ अ‍ॅनायहिलेशन' हे तयार मोहिमेचं पुस्तक खेळायला काढा. त्यातला मोठा भाग म्हणजे चल्टच्या अरण्यातली भटकंती. रोज वाट काढायची, चुकली तर नकाशावरच्या भलत्याच षटकोनात जाऊन पडायचं, पाणी-अन्न सांभाळायचं. रेंजरने अरण्य निवडलं असेल तर वाट चुकण्याचा फासा टाकायचाच नाही. ज्या खेळाडूने "मला रानातला जाणकार व्हायचंय" म्हणून हा क्लास घेतला, त्याच्या वाट्याला रानात करायला काहीच उरत नाही. डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) म्हणतो, "तुम्ही चार दिवस चाललात, पोहोचलात." टेबलावर कुणाला कळतही नाही की हे रेंजरमुळे झालं.

उलट बाजूने २०१८ चं 'वॉटरडीप : ड्रॅगन हाइस्ट' बघा. सगळी गोष्ट शहरात घडते आणि आठ प्रदेशांत शहर नाही. म्हणजे एका मोहिमेत हे कौशल्य प्रसंग खाऊन टाकतं आणि दुसऱ्या मोहिमेत कॅरेक्टर शीटवर नुसतं पडून राहतं.

शिवाय जे मिळतं ते दुसऱ्यांना स्वस्तात मिळतं, हे जास्त लागतं. दुप्पट अन्न? ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा क्लास) पहिल्याच लेव्हलला गुडबेरी हा स्पेल, म्हणजे मंत्र, टाकतो, एका स्लॉटमध्ये (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींपैकी एकीत) दहा फळं आणि प्रत्येक फळ एका माणसाचा दिवस भागवतं. आउटलँडर हा बॅकग्राउंड (पात्राची पार्श्वभूमी) तर कुठल्याही क्लासला घेता येतो, आणि त्यात स्वतःसकट आणखी पाच जणांचं अन्नपाणी रोज शोधता येतं. रेंजर आपल्या प्रदेशापुरता प्रोफिशियन्सी (कौशल्याच्या फाशात मिळवायचा बोनस) दुप्पट करतो, रोग (चोर-हेरांचा क्लास) मात्र पहिल्या लेव्हलला एक्सपर्टीज सर्व्हायव्हलवर (रानात तगण्याच्या कौशल्यावर) लावून जगात कुठेही दुप्पट करतो. पुढे स्काउट रोगला तिसऱ्या लेव्हलला नेचर आणि सर्व्हायव्हल दोन्हींत एक्सपर्टीज मिळाली, तेव्हा रानाचा खरा जाणकार कोण, हा प्रश्न निकालातच निघाला.

दहाव्या लेव्हलचं हाइड इन प्लेन साइट : एक मिनिट चिखल-पाला फासायचा आणि जागचं हलायचं नाही, मग स्टेल्थवर (लपण्याच्या फाशावर) +१०. पास विदाउट ट्रेस हा दुसऱ्या पातळीचा स्पेल रेंजरला स्वतःलाच पाचव्या लेव्हलला मिळतो. तो सगळ्या पार्टीला +१० देतो, चालता चालता, तासभर. पाच लेव्हल जास्त चढून त्याहून तोकडी गोष्ट मिळते. चौदाव्या लेव्हलचं व्हॅनिश बोनस अ‍ॅक्शनमध्ये (पाळीतल्या मुख्य कृतीशिवायची एक जादा छोटी कृती) लपू देतं, जे रोग दुसऱ्या लेव्हलपासून करतोय.

आणि फेवर्ड एनिमी, म्हणजे आधीच निवडून ठेवलेला शत्रूचा प्रकार. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीमध्ये रेंजरला राक्षसकाय शत्रूंविरुद्ध प्रत्येक लेव्हलमागे एक जादा डॅमेज मिळायचं. गॉब्लिन-ऑर्कसुद्धा त्याच यादीत होते, त्यामुळे ते सतत कामाला यायचं. तिसऱ्या आवृत्तीतही निवडलेल्या शत्रूविरुद्ध डॅमेज वाढायचं. २०१४ मध्ये उरलं काय? माग काढताना आणि माहिती आठवताना अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून चांगला तो घ्यायचा), आणि एक भाषा. ज्या शत्रूवर आयुष्यभराचा राग आहे असं खेळाडू पार्श्वकथेत लिहितो, त्याच्यासमोर उभं राहिल्यावर तलवारीत काहीच फरक पडत नाही. तो फरक थेट विसाव्या लेव्हलला येतो : टर्नमधून (पाळीतून) एकदा, विझडमचा (शहाणपणाच्या गुणाचा) बोनस, टू-हिट (हल्ला लागतो का, तो फासा) किंवा डॅमेज यांपैकी एकावर. त्याच लेव्हलला बार्बेरियन क्लासची स्ट्रेंग्थ (ताकद) आणि कॉन्स्टिट्यूशन (चिवटपणा) चार-चारने वाढते.

प्रायमीव्हल अवेअरनेसबद्दल एवढंच सांगतो : स्लॉट खर्च करून मैलभरात ड्रॅगन किंवा पिशाच्च "आहे" एवढं कळतं. कुठे, किती, हे कळत नाही. खेळाडू विचारतो, डीएम "हो" म्हणतो, आणि संभाषण तिथे संपतं.

तुमच्या टेबलांवर काय अनुभव आहे, ते वाचायला आवडेल.

निळाफासा

लेख मन लावून लिहिलाय, पण मुख्य मुद्द्याशी असहमत. प्रसंग पुसणं हा दोष असेल तर तो विझर्डमध्ये (जादूगार क्लास) दसपट आहे. टेलिपोर्टने आख्खा प्रवास जातो. लिओमंडची टायनी हट (सुरक्षित निवाऱ्याचा स्पेल) रिच्युअल म्हणून (स्लॉट न खर्चता) टाकली की रात्रीच्या पहाऱ्याचा प्रश्नच मिटतो. फ्लाय टाकला की दरी, कडा, नदी सगळं रद्द. तिथे कुणी विझर्डची रचना फसली असं म्हणत नाही, उलट त्याला ताकदवान म्हणतात.

डॅमेजबद्दल मात्र पूर्ण सहमत. आर्चरी स्टाइलचा +२, हंटरचा कोलोसस स्लेयर टर्नमधून एकदा डी८ (आठ बाजूंचा फासा), पाचव्या लेव्हलला दोन हल्ले. शार्पशूटर (धनुर्धराचं खास जादा कौशल्य) घेतला तर विचारूच नका. खरी घसरण अकराव्या लेव्हलला सुरू होते. फायटरला तिसरा हल्ला मिळतो, पॅलडिनच्या (धर्मयोद्धा क्लास) प्रत्येक फटक्यावर डी८ चढतो. हंटरला एकाच भागातल्या अनेकांवर बाण सोडता येतात, पण समोर एकच मोठा शत्रू असेल तर त्याचा उपयोग नाही.

पाऊलखूण

@निळाफासा, विझर्डचं उदाहरण चांगलं दिलंत. पण टायनी हट टाकली की टेबलावर सगळ्यांना दिसतं. खेळाडूने तो स्पेल निवडला, त्यासाठी दुसरा सोडला, योग्य क्षणी "मी हट टाकतो" म्हणाला आणि बाकीच्यांनी सुटकेचा श्वास घेतला. ती त्याची कृती आहे. रेंजरचं कौशल्य कुणी वापरत नाही, ते आपोआप लागू असतं. डीएमला आठवलं तर तो एक फासा वगळतो, इतकंच. विझर्डने प्रसंग जिंकला असं वाटतं, रेंजरच्या बाबतीत प्रसंग आलाच नाही असं वाटतं. खेळणाऱ्याच्या आनंदात हा फरक फार मोठा आहे.

डावमांडणारा

मी बहुतेक वेळा डीएम असतो, त्या बाजूने लिहितो.

फेवर्ड एनिमीचं ओझं शेवटी डीएमवर येतं. खेळाडूने पहिल्याच दिवशी "अनडेड" (भुतं, सांगाडे वगैरे) लिहिलं आणि माझी मोहीम फेच्या (परीकथेतल्या जीवांच्या) राज्यात आहे, तर मी काय करायचं? ओढूनताणून सांगाडे आणायचे, की त्याला आधीच सांगून रहस्य फोडायचं? 'कर्स ऑफ स्ट्राड' या व्हॅम्पायरच्या मोहिमेत अनडेड निवडणारा खूश असतो, कारण मोहिमेचं नाव ऐकूनच त्याला अंदाज येतो. बाकी ठिकाणी तो आंधळा डाव आहे. इतर कुठल्याच क्लासला कथा सुरू होण्याआधी कथेत काय असेल याचा अंदाज बांधावा लागत नाही. बदलायची सोयही नाही. सहाव्या आणि चौदाव्या लेव्हलला आणखी एक शत्रू जोडता येतो, पण चुकलेला पहिला तसाच राहतो.

दुसरी गोष्ट. बरेच डीएम प्रवास खेळवतच नाहीत, "आठवड्याने पोहोचलात" म्हणून पुढे जातात. पाचव्या आवृत्तीची पुस्तकं लढाई, संवाद आणि शोधयात्रा हे तीन खांब सांगतात, पण शोधयात्रेचे नियम इतके विरळ आहेत की त्यावर उभा केलेला क्लास डगमगणारच. रेंजरचा दोष काही अंशी त्या खालच्या खांबाचा आहे. लढाईचे नियम पानोपानी आहेत, म्हणून फायटरला रोज काम मिळतं.

सह्यवारा

बीस्ट मास्टरचा (प्राणी साथीदार मिळणारा रेंजरचा उपक्लास) विषय कुणी काढला नाही म्हणून मी लिहिते. मला लांडगा हवा होता, म्हणून हा क्लास घेतला होता. माझ्यासारखे खूप जण असतील.

आकड्यांपासून सुरुवात करते, कारण यावर गैरसमज बरेच आहेत. साथीदार प्राणी जास्तीत जास्त मध्यम आकाराचा आणि पाव चॅलेंज रेटिंगपर्यंतचा (ताकदीचं माप). लांडगा मूळचा ११ हिट पॉइंट (किती हानी सोसतो), आर्मर क्लास (एसी, त्याला मारणं किती अवघड) १३. तुमचा प्रोफिशियन्सी बोनस त्याच्या एसीला, टू-हिटला आणि डॅमेजला मिळतो. हिट पॉइंट तुमच्या लेव्हलच्या चौपट, किंवा मूळचे जास्त असतील तर तेवढे. तिसऱ्या लेव्हलला एसी १५, १२ हिट पॉइंट, चावा +६ ने २डी४+४ (चार बाजूंचे दोन फासे अधिक ४). सरासरी ९. माझ्या लाँगबोची सरासरी त्या वेळी साडेसात होती. पॅक टॅक्टिक्समुळे शत्रूजवळ आपला कुणी उभा असेल तर लांडग्याला अ‍ॅडव्हान्टेज. त्यामुळे "लांडगा कुचकामी" हे तिसऱ्या लेव्हलला खरं नाही.

तरी खेळताना त्रास होतो, कारण लांडग्याला चावायला सांगायचं तर माझी अ‍ॅक्शन जाते. त्याला डॉज (बचाव) करायला सांगायचं तरीही माझी अ‍ॅक्शन जाते. पाचव्या लेव्हलला त्याच्या चाव्यासोबत मला एक बाण मारता येतो, पण डॉजसाठीची आज्ञा सातव्या लेव्हलनंतरच बोनस अ‍ॅक्शनमध्ये येते. तोवर दर टर्नला "मी लढू की माझा लांडगा?" असं निवडायचं. समोर आपल्या माणसावर कुणी धावून येतंय आणि लांडगा आज्ञेची वाट बघत बसलाय, हे चित्र कुणाला पटेल? २०१८ च्या दुरुस्तीत आज्ञा नसेल तर प्राणी डॉज करतो असं आलं, तेवढाच दिलासा.

आणि तो मरतो. अकराव्या लेव्हलला त्याचे ४४ हिट पॉइंट. प्रौढ लाल ड्रॅगनचा फूत्कार सरासरी ६३. सेव्हमध्ये (संकट टाळायच्या फाशात) प्रोफिशियन्सी "ज्यात प्राणी प्रोफिशियंट आहे" तिथेच मिळते आणि लांडगा एकाही सेव्हमध्ये प्रोफिशियंट नाही. म्हणजे विसाव्या लेव्हललाही त्याचा डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह +२ च. त्याच्या चाव्याने शत्रू आडवा पडण्याचा डीसी (वाचायला शत्रूने गाठायचा आकडा) ११, तोही जन्मभर ११.

मेला तर नियम काय सांगतो? आठ तास घालवून दुसऱ्या प्राण्याशी नातं जोडायचं. माझ्या लांडगीचं नाव होतं, तिच्या स्वभावाच्या खोडी सगळ्या पार्टीला पाठ होत्या. ती गेली तेव्हा आम्ही खेळ थांबवला होता. त्या जागी रात्रभरात दुसरा लांडगा आणायचा, हे मला जमलं नाही. विझर्डचा फॅमिलियर (जादूने बोलावलेला सोबती प्राणी) मेला तर तोच परत बोलावता येतो, आणि ज्या उपक्लासचा सगळा गाभा हे नातं आहे, त्याला मात्र नवीन प्राणी घ्या म्हणतात.

२०२० च्या 'टाशा' या पुरवणी पुस्तकाने हे बऱ्याच अंशी सुधारलं. त्यातल्या प्रायमल कम्पॅनियनला (नव्या नियमांचा साथीदार प्राणी) बोनस अ‍ॅक्शनने आज्ञा द्या किंवा आपल्या हल्ल्यांपैकी एक सोडून द्या. जमिनीवरच्या प्राण्याला हिट पॉइंट ५ अधिक लेव्हलच्या पाचपट, आणि स्पेल स्लॉट खर्चून तोच प्राणी परत उभा करता येतो. त्यानंतर मी पुन्हा बीस्ट मास्टर घेतला आणि मनापासून खेळले.

तिसरा_पहारा

सह्यवारा यांचा प्रतिसाद वाचून लांडगीसाठी वाईट वाटलं.

मला वाटतं सगळ्या वादाची गाठ हंटर्स मार्कमध्ये आहे. पहिल्या पातळीचा स्पेल, लक्ष्यावर प्रत्येक फटक्याला डी६ जादा. रेंजरची ओळखच म्हणा ना. पण तो कॉन्सन्ट्रेशन मागतो, म्हणजे टिकवायला सतत लक्ष लागतं. आता रेंजरचे चांगले स्पेल आठवा : स्पाइक ग्रोथ, पास विदाउट ट्रेस, सायलेन्स, कंजुअर अ‍ॅनिमल्स, एन्स्नेअरिंग स्ट्राइक, स्विफ्ट क्विव्हर. सगळे कॉन्सन्ट्रेशनचे. एका वेळी एकच. म्हणजे मार्क लावला की बाकी यादी बंद, आणि यादीतलं काही वापरलं की मार्क गेला.

वर बोनस अ‍ॅक्शनची चढाओढ. मार्क लावायला बोनस अ‍ॅक्शन, लक्ष्य मेलं की हलवायला बोनस अ‍ॅक्शन. दोन तलवारी घेऊन लढणाऱ्या रेंजरचा दुसऱ्या हाताचा हल्लाही २०१४ मध्ये बोनस अ‍ॅक्शनच. 'टाशा'च्या प्राण्याला आज्ञाही बोनस अ‍ॅक्शन. रेंजरच्या तिन्ही प्रसिद्ध शैली एकाच दारात अडकतात.

पॅलडिनशी तुलना करा. दोघेही अर्धे जादूगार. पॅलडिनचा २०१४ चा स्माइट (जादा डॅमेजचा वार) फटका लागल्यानंतर ठरवायचा, त्यामुळे कधी वाया जात नाही. पहिल्या पातळीच्या स्लॉटला २डी८, कॉन्सन्ट्रेशन नाही, अ‍ॅक्शन नाही. स्पेल तो रोज बदलू शकतो. पाचव्या लेव्हलला करिश्मा (व्यक्तिमत्त्वाचा गुण) १६ असेल तर पाच स्पेल आणि वर शपथेचे (उपक्लासचे) चार. रेंजरला पाचव्या लेव्हलला चार, विसाव्याला अकरा, आणि बदल फक्त लेव्हल चढताना एक. हंटर आणि बीस्ट मास्टरला जादा स्पेलही नाहीत. २०१७ च्या 'झॅनाथर' या पुरवणी पुस्तकातल्या ग्लूम स्टॉकर वगैरे उपक्लासना मात्र आहेत. लेखकांना कमतरता कळली होती, पण जुन्या दोन उपक्लासना ते जादा स्पेल देत बसले नाहीत.

कॉन्सन्ट्रेशन काढायचा विचार त्यांनी दोनदा केला. २०१९ च्या चाचणी मजकुरात फेवर्ड फो या पर्यायातून मार्क काही वेळा कॉन्सन्ट्रेशनशिवाय टाकता येत होता. 'टाशा'त छापून आला तेव्हा तो वेगळा, डी४ चा आणि कॉन्सन्ट्रेशनसकट आला. २०२२ च्या चाचणीत पुन्हा कॉन्सन्ट्रेशन काढलं, २०२४ च्या नव्या प्लेयर्स हँडबुकमध्ये पुन्हा घातलं. आता २०२४ चा रेंजर मार्कवरच उभा आहे : फुकट वापर, तेराव्या लेव्हलला डॅमेज खाल्ल्याने तो तुटत नाही, सतराव्याला त्या लक्ष्यावर अ‍ॅडव्हान्टेज, आणि विसाव्याला डी६ चा डी१०. सरासरी साडेतीनची साडेपाच. फटक्यामागे दोन डॅमेज, तेही विसाव्या लेव्हलला! जो स्पेल सातव्या-आठव्या लेव्हलनंतर आपण चांगल्या स्पेलसाठी सोडून देतो, त्याच्यावर पुढच्या बारा लेव्हलची बक्षिसं लटकवली आहेत. हे मला २०१४ पेक्षाही जास्त खुपतं, कारण या वेळी त्यांच्याकडे दहा वर्षांच्या तक्रारी होत्या.

निळाफासा

मार्कवर पूर्ण सहमत. एक भीती मात्र खरी आहे. कॉन्सन्ट्रेशन पहिल्या लेव्हललाच काढलं तर क्लास मिसळता येत असल्याने प्रत्येक फायटर एक लेव्हल रेंजर घेऊन जाईल. २०१६ च्या चाचणीतल्या रिव्हाइज्ड रेंजरमध्ये हेच झालं होतं. पहिल्याच लेव्हलला इनिशिएटिव्हवर (लढाईत आधी कोण, तो फासा) अ‍ॅडव्हान्टेज, निवडलेल्या शत्रूवर +२ डॅमेज, प्रदेशाची अट काढलेली. एका लेव्हलसाठी ते फारच जास्त होतं.

नवखी_धनुर्धर

सगळे प्रतिसाद वाचले. आमचा गट पुढच्या महिन्यात २०२४ च्या पुस्तकावर नवीन मोहीम सुरू करतोय आणि मला रेंजरच खेळायचाय. घेऊ की नको? ड्रुइड घे असं गटातले दोघं सांगतायत.

पाऊलखूण

नक्की घ्या. २०२४ चा रेंजर पहिल्या दहा लेव्हलपर्यंत चांगला चालतो. पहिल्या लेव्हलपासून स्पेल आहेत, लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) एक बदलता येतो, वेपन मास्टरी (शस्त्रांचे जादा परिणाम) आहे, दुसऱ्या लेव्हलला एका कौशल्यात एक्सपर्टीज आहे.

हंटर उपक्लास बघाच. तिसऱ्या लेव्हलला त्यात हंटर्स लोअर आहे : मार्क केलेल्या प्राण्याला कशाचा जास्त त्रास होतो, कशाने काहीच होत नाही, हे तुम्हाला कळतं. मी वर जे मागत होतो ते हेच. तुम्ही मार्क लावता, डीएमला विचारता, आणि पार्टीला ओरडून सांगता, "आग वापरू नका, थंडीने मारा!" विझर्ड आपला बेत बदलतो. तुमच्या जाणकारीमुळे लढाई वळली, हे टेबलावर सगळ्यांना दिसतं. शोधयात्रेतही असं काही दिलं असतं तर हा धागा काढावा लागला नसता.

सह्यवारा

प्राणी आवडत असतील तर २०२४ चा बीस्ट मास्टरही घ्या, बिनधास्त. अकराव्या लेव्हलला प्राणी दोनदा हल्ला करतो आणि मार्क केलेल्या लक्ष्यावर टर्नमधल्या त्याच्या पहिल्या फटक्याला मार्कचं डॅमेज मिळतं. फक्त पहिल्या फेरीत मार्क की प्राण्याला आज्ञा, हे आधीच ठरवून ठेवा. दोन्हींना बोनस अ‍ॅक्शन लागते. मी पहिल्या फेरीत मार्क लावून एक हल्ला प्राण्याला देते, दुसऱ्या फेरीपासून दोन्ही हल्ले माझे आणि आज्ञा बोनस अ‍ॅक्शनमध्ये.

डावमांडणारा

@नवखी_धनुर्धर, तुमच्या डीएमशी आधी बोलून घ्या. माझ्या टेबलावर मी दोन बदल करतो, त्यांना दाखवा.

एक, रेंजरच्या सहाव्या लेव्हलपासून हंटर्स मार्कला कॉन्सन्ट्रेशन नाही. सहा लेव्हल रेंजर घेतल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे निळाफासा म्हणतात तो एका लेव्हलचा मोह राहत नाही.

दोन, २०१४ चा रेंजर असेल तर वाट न चुकण्याचा नियम मी काढून टाकतो. त्याऐवजी आपल्या प्रदेशात रोज सकाळी त्याने मला एक प्रश्न विचारायचा आणि मी खरं उत्तर द्यायचं. "इथून आधी कोण गेलं?" "पाणी कुठल्या बाजूला?" "इथले पक्षी गप्प का आहेत?" काहीही. वाट काढायचा फासा सगळ्यांसारखाच टाकायचा, पण उत्तर मिळाल्यावर पार्टीने कुठे जायचं हे रेंजर सांगतो.

तिसरा_पहारा

दुसरा बदल फार आवडला. शहरातल्या मोहिमेत काय करता?

डावमांडणारा

शहर हा नववा प्रदेश म्हणून घेऊ देतो. प्रश्न तसाच, रोज एक. गेल्या मोहिमेत रेंजरने विचारलं होतं, "या गल्लीत रात्री दिवे कोण लावत नाही?" त्या उत्तरावर आमची पुढची तीन सेशन चालली.